लेखक : इतर

मराठी लेखकांना टोपणनावांची एवढी हौस नसती, तर शाळेच्या ग्रंथालयाचं काम निम्म्यावर आलं असतं. कुसुमाग्रजांच्या कविता एकीकडे, वि. वा. शिरवाडकरांची नाटकं दुसरीकडे, आणि हे दोघं एकच हे आमच्या ऑनलाइन कॅटलॉगला कुणी सांगितलेलंच नाही. आरती प्रभू आणि चिं. त्र्यं. खानोलकर यांचीही तीच गत. पु. ल. देशपांडे तर आमच्याकडे चार आहेत. एक 'पु.ल.' चिकटून बसलेले, एक 'पु. ल.' मध्ये मोकळी जागा सोडून, एक आडनाव आधी लावणारे आणि एक संपूर्ण 'पुरुषोत्तम लक्ष्मण'. पोरगं यातलं कुठलंही एक टाइप करतं, समोर येतील तेवढ्या पुस्तकांवर समाधान मानतं आणि निघून जातं. उरलेले तीन पु. ल. तसेच पडून.

पण या सगळ्यांच्या वरताण असा आमच्याकडचा सर्वात लिहिता लेखक म्हणजे 'इतर'. त्याने कथा लिहिल्यात, गणिताची कोडी घातलीत, पाककृती दिल्यात, शिवाय संत वाङ्मयावर त्याचा अधिकार मोठा आहे. नोंदी करणाऱ्या मुलांना प्रत्येक पुस्तकामागे ठरावीक पैसे मिळत होते. मुखपृष्ठावर नाव पटकन दिसलं नाही, तर मुखपृष्ठ उलटून आतलं पान बघण्याचे पैसे त्यात धरलेले नव्हते.

आमचे ग्रंथपाल निवृत्त झाले, ती जागा भरली गेली नाही, आणि 'मराठी शिकवता म्हणजे पुस्तकांचं तुम्हीच बघा' या न्यायाने ग्रंथालयाचा अधिभार माझ्याकडे आला. तो आला तेव्हा दाखल नोंदवह्या कपाटात गेल्या होत्या आणि सगळा कारभार संगणकावर चढला होता. ग्रंथालयांसाठीची चांगली सॉफ्टवेअर आज सहज मिळतात. आपल्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचं ई-ग्रंथालय आहे. कोहा तर फुकट आहे. न्यूझीलंडमधल्या एका छोट्या ग्रंथालय संस्थेची जुनी प्रणाली २००० साल उजाडल्यावर बंद पडणार होती, म्हणून त्यांनी ते करवून घेतलं आणि मग जगाला वाटून टाकलं. आमच्याकडे यातलं काय आहे ते मुद्दाम सांगत नाही. दोष सॉफ्टवेअरचा नाहीच. त्याच्यापुढे मराठी येते तेव्हा खरी गंमत सुरू होते.

सातवीतला एक मुलगा ॲमेझॉनच्या जंगलाबद्दलचं पुस्तक शोधत होता. उत्तर आलं, शून्य. पुस्तक त्याच्या डोक्याच्या वर, दुसऱ्या फळीवर, पाठ आमच्याकडे करून उभं. मी नोंद उघडून पाहिली तर शब्द अक्षर न् अक्षर तोच. बराच वेळ डोकं खाजवल्यावर उलगडा झाला. संगणकासाठी प्रत्येक अक्षराला क्रमांक ठरवून देणाऱ्या युनिकोडमध्ये 'ॲ' या अक्षराला स्वतंत्र जागा मिळाली २००८ मध्ये. त्याआधी लोक साधा 'अ' घेऊन त्याच्यावर चंद्र बसवायचे, आणि काही कळफलकांवर अजूनही बसवतात. नोंद करणाऱ्याने चंद्र वेगळा बसवला होता, मुलाच्या मोबाईलने एकसंध अक्षर उमटवलं. डोळ्यांना दोन्ही सारखेच, संगणकाला त्यांची ओळखदेख नाही. 'दऱ्या' आणि 'खोऱ्या' यांच्यातल्या अर्ध्या र-चंही असंच दोन तऱ्हांनी लिहिणं आहे, त्यात शिरत नाही.

शिवाय १९६२ हे साल आम्हाला दोनदा नडतं. त्या वर्षी शुद्धलेखनाचे नवे नियम आले, शेवटचे इकार-उकार दीर्घ झाले आणि कितीतरी अनुस्वार गेले. शाळा जुनी, त्यामुळे त्याआधीची पुस्तकं भरपूर. त्यांवर 'कवि' आहे, 'संस्कृति' आहे. शीर्षक पुस्तकावर असेल तसंच उतरवायचं हा नियम, आणि मुलांना आम्हीच वर्गात 'कवी' दीर्घ लिहायला लावणार, नाही लिहिलं तर अर्धा गुण कापणार. अर्धा गुण वाचवणाऱ्या मुलाला बालकवि सापडत नाहीत.

त्याच वर्षी अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसचं दिल्लीत कार्यालय सुरू झालं. पीएल-४८० करारात आपण घेतलेल्या गव्हाचे जे रुपये अमेरिकेच्या खात्यात साठले होते, त्यांतून भारतीय भाषांतली पुस्तकं, त्यात मराठीही, विकत घेऊन जहाजाने तिकडे जाऊ लागली. त्यामुळे आज एखाद्या मराठी पुस्तकाची तयार नोंद शोधली की ती वॉशिंग्टनहून येण्याचा संभव असतो. येते ती बहुधा रोमन लिपीत, अक्षरांच्या डोक्यावर आडव्या रेघा आणि पायाखाली टिंबं. इंग्रजी पुस्तकाचा बारकोड दाखवला की सगळी माहिती क्षणात भरली जाते. मराठीच्या वाट्याला ती टिंबं सोडवत बसणं.

एवढं करून नोंद सापडलीच, तर पुढे फळी. मेल्विल ड्यूई यांनी १८७६ मध्ये पुस्तकांना विषयवार आकडे देणारं दशांश वर्गीकरण छापलं. त्यात इंग्रजी साहित्याला ८२० पासूनचं अख्खं दशक मिळालं, मराठी कथा-कादंबरी ८९१.४६३ वर जाऊन बसली. मराठी शाळेत याचा अर्थ असा की मुलाने चिठ्ठीवर तो आकडा काळजीपूर्वक उतरवून घ्यावा आणि कपाटापाशी गेल्यावर खालपासून वरपर्यंत सगळ्या पुस्तकांच्या पाठीवर तोच आकडा दिसावा.

मग जुनं कार्डांचं कपाट बरं होतं का? मुळीच नाही. जुन्या दिवसांचे उसासे मला जमत नाहीत. आमच्या शाळेतल्या त्या खणांना हात लावायची मुलांना परवानगीच नव्हती. बाई देतील ते पुस्तक घ्यायचं, शनिवारी परत करायचं. शाळेत काय काय आहे हे फक्त शाळेला ठाऊक.

आणि इथे हा चुकांनी भरलेला कॅटलॉग सगळ्याची भरपाई करतो. त्याने यादी उघड केली. आठवीतली एक मुलगी मधल्या सुट्टीत आली आणि तळहात पुढे केला. त्यावर निळ्या पेनने दाखल क्रमांक लिहिलेला. रात्री आईच्या मोबाईलवर 'तारे' असं टाकून तिने तो शोधला होता. क्रमांक चौदा नंबरच्या कपाटातला. ते कपाट उघडल्याचं शिपाईकाकांनाही आठवत नव्हतं, किल्ली कुणाकडे असेल यावर कार्यालयात चर्चा झाली आणि शेवटी काकांनी पान्याने कुलूप तोडलं. डांबरगोळ्यांचा भपकारा आला. आत आकाशनिरीक्षणाचं ते पुस्तक होतं, घडीचा तारकानकाशा धडधाकट, आणि त्याच्या शेजारी कधीच कुणाला न दिलेली अशी फळीभर पुस्तकं. कॅटलॉग नसता तर ती मुलगी ते मागायलाच आली नसती, कारण न दिसणारी वस्तू मागणार कशी?

दुसरा उपकार जरा अडचणीचा. परत न आलेल्या पुस्तकांची यादी आता एका टिचकीत निघते. पहिल्यांदा काढली तेव्हा मुलांना दरडावायच्या तयारीने काढली. निम्म्याहून अधिक नावं शिक्षक-खोलीतली निघाली. ती यादी फळ्यावर लावायची की नाही यावर मुख्याध्यापकांचा विचार अजून चालू आहे.

राहिला प्रश्न 'ते कुत्र्याचं पुस्तक द्या ना' म्हणणाऱ्या पाचवीतल्यांचा. त्यांना ना लेखक माहीत असतो ना नाव. विषयाचा रकाना आमच्याकडे जवळजवळ सगळीकडे कोरा, तोही पैशात धरलेला नव्हता. म्हणून या वर्षी मुलांनाच सांगितलं, पुस्तक परत करताना त्याबद्दल चार शब्द चिठ्ठीवर लिहा, मी ते शेऱ्याच्या रकान्यात भरीन. तो रकानाही शोधात धरला जातो, हे कळल्यापासून मला जरा हुरूप आला आहे. 'हिरवं, कुत्रा हरवतो ते.' 'भूत खोटं असतं.' 'शेवटचं पान नाही, मला शेवट माहीत आहे, सहावी क मध्ये विचारा.' अशी माहिती कुठल्याही तज्ज्ञाच्या नोंदीत मिळणार नाही, आणि ती भरल्यापासून लहान मुलं शोधून शोधून पुस्तकं नेऊ लागली आहेत. थोर पुरुषांच्या चरित्रांच्या संचातला एक जाड खंड मी तासाला नेहमी वाचायला सुचवते. त्याच्यावर आलेली एकुलती एक चिठ्ठीही मी प्रामाणिकपणे भरून टाकली : 'बाईंना आवडतं.'