काठीला चिंधी बांधून मोजलेलं कुंपण

शेजारच्या गॅलऱ्यांना आडोसा म्हणून लावलेल्या झाडांना आज सकाळी टेप लावला. सगळ्यात उंच अशोक साडेनऊ फूट, सगळ्यात खुजा सहा. जुलै 2023 मध्ये पिशवीतून काढून लावले तेव्हा सगळे तीन-सव्वातीन फुटांचे होते. म्हणजे पहिल्या मजल्याचा बंदोबस्त होत आला.

मजल्यांचा हिशेब नव्या मंडळींसाठी पुन्हा सांगते. पुण्यात बावधनला आमचं बैठं घर. शेजारचा प्लॉट कित्येक वर्षं मोकळा होता, तिथे पार्किंगवर तीन मजले चढले आणि सगळ्या गॅलऱ्या आमच्या अंगणाकडे उघडल्या. माणसं भली आहेत, मुद्दाम कुणी डोकावत नाही. पण सकाळी गाऊनवर पायरीवर बसून चहा प्यायची माझी सोय गेली ती गेलीच.

रोपं आणायला उरुळी कांचनला गेलो होतो. नर्सरीवाल्याने भाव सांगायच्या आधीच सल्ला दिला, "ताई, कोनोकार्पस न्या. वर्षात भिंत उभी राहते." खोटं नव्हता बोलत, रस्त्याकडेला आपण सगळ्यांनीच बघितलंय ते. पण आमची ड्रेनेजची लाइन त्याच भिंतीला चिकटून जाते आणि पाण्याच्या वासावर या झाडाची मुळं कुठेही शिरतात. अहोंना मात्र ते फार आवडलं होतं. पुढे सप्टेंबरात गुजरात सरकारने त्याच्या लागवडीवर बंदी घातली, तेव्हा ती बातमी मी जेवताना मोठ्याने वाचून दाखवली. सुरूही झपाट्याने वाढतो, पण अंगाने विरळ, आरपार दिसतं. शेवटी आसुपालव म्हणतात तो खोटा अशोक घेतला, फांद्या अंगालगत खाली लोंबणारा. रुंदीला जागा कमी खातो आणि बारा महिने पान धरून असतो. 36 फूट भिंतीला तीन-तीन फुटांवर बारा झाडं.

लावून झाल्यावर जे करायला सुचलं ते खरं तर आधी करायचं होतं. मी अंगणातल्या खुर्चीवर बसले. अहोंनी वीस फुटांवरच्या भिंतीपाशी लांब बांबू उभा धरला, टोकाला लाल चिंधी. चिंधी गॅलरीच्या कठड्याशी उभ्या माणसाच्या डोक्याच्या रेषेत आली की थांबायचं. पहिल्या मजल्यासाठी दहा फूट. दुसऱ्यासाठी साडेपंधरा. तिसऱ्यासाठी बांबू पुरेना, तेव्हा कागदावर त्रिकोण काढला: एकवीस! अहो म्हणाले, "तोवर मी सत्तरीचा होईन." मग सहज म्हणून त्यांना माझ्या खुर्चीपासून आठ फुटांवर उभं केलं. दुसऱ्या मजल्यासाठी साडेआठ फूट आणि तिसऱ्यासाठी अकरा फूट पुरले. आडोसा डोळ्यांच्या जितका जवळ, तितकं झाड बुटकं चालतं. आपण सगळे भिंतीला रांगा लावतो आणि उंचीच्या मागे लागतो. निम्मं काम बसायच्या जागेशेजारचं एक दाट झुडूप करतं.

म्हणून त्याच आठवड्यात खुर्चीच्या बाजूला, आठ फूट मोजून, पिवळ्या बांबूचं एक बेट लावलं. याचे कंद एका जागी गठ्ठ्याने वाढतात, भिंतीखालून शेजाऱ्यांकडे पळत नाहीत. पहिल्या पावसाळ्यात बोटाएवढ्या काड्या आल्या, फार हिरमोड झाला. दुसऱ्या पावसाळ्यात आलेले कोंब मनगटाएवढे होते आणि दिवाळीआधी बारा फुटांवर गेले. बांबूची काठी जमिनीतून जेवढी जाड निघते तेवढीच राहते. उंची आणि जाडी वाढते ती पुढच्या वर्षीच्या नव्या कोंबांची. कोंबाचं बाहेरचं आवरण मात्र उघड्या हाताने ओढू नका. त्यावर तपकिरी मखमल असते, हात फिरवावासा वाटतो, आणि मग दोन दिवस तळहातात कूस. चिकटपट्टी लावून उपटली तेव्हा कुठे निघाली.

आता चुका. खड्डे मुरमात खणले आणि त्यात पोयटा माती, शेणखत, निंबोळी पेंड अशी मेजवानी भरली. पावसात प्रत्येक खड्ड्याची घागर झाली, कारण भोवतालच्या घट्ट मुरमातून पाणी झिरपेना. चार रोपांची पानं खालून पिवळी पडत गेली. मला वाटलं पाणी कमी पडतंय, म्हणून आणखी घातलं! उपटून बघितलं तर मुळं काळी, बोटांनी साल निसटत होती. मग बाराही खड्ड्यांना जोडणारा दीड फूट खोल चर उताराकडे काढून दिला. बदली रोपं त्यानंतर लावली, म्हणून ती अजून मागे आहेत. खड्डा खणल्यावर आधी दोन बादल्या पाणी ओतून रात्रभर ठेवा. सकाळी तळं दिसलं तर लावायची घाई नको.

दुसरी चूक माझी नाही, पण भोगते मी. आम्ही कोकणात गेलो असताना माळीदादांनी "स्वच्छ दिसावं" म्हणून बुंध्याकडच्या फांद्या कमरेपर्यंत छाटल्या. वर्ष होत आलं, तिथे नवी फूट अगदी नावाला आहे. वर हिरवं आणि खाली उघडे पाय, परकरात उभ्या पोरींसारखी रांग दिसते.

उन्हाळा ठिबकवर निघाला. झाडाला तासाला चार लिटर सोडणारे दोन ड्रिपर, एक दिवसाआड दीड तास, आळ्यात उसाच्या पाचटाचा वीतभर थर. मार्चात तांबूस, रेशमासारखी लोंबती पालवी आली आणि लगेच कुरतडलेली दिसली. औषध फवारणार होते, तेवढ्यात एका पानामागे हिरवा कोष दिसला, पानाचीच सुरळी वाटावी असा. टेल्ड जे फुलपाखराची अळी अशोकाच्या पानांवर वाढते. पंप परत माळ्यावर गेला. पालवी पुन्हा आली.

एक लक्षात असू द्या. पुण्यात स्वतःच्या आवारातलं झाड तोडायलाही 1975 च्या वृक्षसंरक्षण कायद्याखाली परवानगी लागते. तेव्हा "आत्ता दीड-दीड फुटांवर लावू, मग एकाआड एक काढू" हा बेत करू नका.

या पावसाळ्यात उघड्या पायांसमोर कामिनी लावायची आहे, दोन फुटांवर, रांगेपासून थोडी पुढे. सावली सोसते आणि कात्रीला कंटाळत नाही. सतरा रोपं सांगून ठेवलीत. चर या वेळी आधी खणलाय, काल रात्री पाणी ओतलं होतं, सकाळी सातला कोरडा होता.