पाण्याची गळती विजेच्या मीटरवर सापडली

दिवाळीनंतरच्या महिन्यात आमचा विजेचा वापर १७१ युनिटांवर गेला. एरवी तो १२० युनिटांच्या आसपास असतो. आंघोळीचे पाणी आम्ही गॅसवर तापवतो आणि घरात नवे उपकरणही आलेले नव्हते. शंभर युनिटांपुढे दराचा टप्पा बदलत असल्यामुळे वाढलेली सगळी युनिटे चढ्या दरानेच आकारली गेली होती. मीटर सदोष असल्याचा अर्ज करण्याआधी आपल्या घरात वीज नेमकी कुठे जाते, हे स्वतः पाहावे असे मी ठरवले.

मीटरवर एक लहानसा तांबडा दिवा लुकलुकतो. त्याच्या शेजारी आमच्या मीटरवर ३२०० हा आकडा छापलेला आहे, म्हणजे तो दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट भरते. रात्री दिवे, पंखे आणि फ्रिज बंद करून मी तेथे घड्याळ घेऊन उभा राहिलो, तेव्हा तीन मिनिटांत तो दोनदा लुकलुकला. टीव्ही आणि त्याचा सेट-टॉप बॉक्स केवळ रिमोटने बंद होते. गणित केल्यावर ही चोरटी वीज महिन्याला सुमारे नऊ युनिटे निघाली. ती थांबवणे सोपे होते, पण पन्नास युनिटांचा उलगडा त्यातून होत नव्हता.

दुसऱ्या दिवशी प्रत्येक उपकरण एकेकटे चालवून मोजले. पाण्याची मोटार चालू असताना दिवा मिनिटाला ५३ वेळा लुकलुकला, म्हणजे तासाला जवळजवळ एक युनिट. एक अश्वशक्तीच्या मोटारीला एवढी वीज लागणारच, त्यामुळे मोटारीत दोष दिसत नव्हता. मग ती किती वेळ चालते, हे मी आठवडाभर वहीत लिहिले. सकाळी पंचावन्न मिनिटे आणि संध्याकाळी पुन्हा तितकीच, असा हिशेब निघाला आणि महिन्याची सुमारे पंचावन्न युनिटे एकट्या मोटारीच्या नावावर पडली.

आता प्रश्न दोन होते : टाकी भरायला इतका वेळ का लागतो, आणि चार माणसांच्या घरात ती दिवसातून दोनदा का भरावी लागते?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी मिळाले. रात्री सगळे झोपल्यावर मी गच्चीवरच्या टाकीत काठी उभी करून पाण्याच्या पातळीवर खूण केली. सकाळी आठ तासांनी पाणी वीतभर, म्हणजे २२ सेंटीमीटर उतरले होते. टाकीचा व्यास १०५ सेंटीमीटर आहे, त्यावरून रात्रीत सुमारे १९० लिटर पाणी गेले असे निघाले आणि दिवसाला ५७० लिटर! शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी पुरेसे धरतात, म्हणजे आमच्या चौघांशिवाय आणखी चौघांचे पाणी गटारात जात होते. एकही नळ ठिबकत नव्हता आणि भिंतीला ओल नव्हती. तेव्हा पत्नीने सुचवले, "अहो, फ्लशच्या टाकीत हळद कालवून टाकून बघा." तसे केले आणि कोणी फ्लश न दाबताच वीस मिनिटांत भांड्यातले पाणी पिवळे झाले. टाकीच्या तळाचा रबरी वॉशर कडक होऊन एका बाजूने उचलला गेला होता आणि पाणी आवाज न करता अखंड वाहत होते.

हे पाहून मला मनापासून वाईट वाटले. साताऱ्यातल्या आमच्या मंगळवार पेठेत कास तलावाचे पाणी येते. पश्चिमेकडच्या पठारावरचे ते पाणी डोंगरउताराने शहरापर्यंत येते आणि मी मात्र तेच पाणी वीज जाळून गच्चीवर चढवून पुन्हा गटारात सोडत होतो.

वॉशर बदलायला आलेल्या प्लंबरला मी मोटारीचेही सांगितले. त्याने मोटार चालू करून क्षणभर कान दिला आणि म्हणाला, "काका, मोटारीला काय झालं न्हाई, ती हवा धरतीया." हौदातला पाइप वर काढला तेव्हा त्याच्या तळाच्या फुटव्हॉल्व्हची, म्हणजे पाणी परत खाली जाऊ न देणाऱ्या झडपेची, जाळी गाळाने आणि क्षाराने निम्म्याहून अधिक चोंदलेली दिसली, शिवाय पाइपच्या एका जोडातून हवा आत खेचली जात होती. त्याने जाळी घासून साफ केली, जोड नव्याने बसवला आणि माझ्या आग्रहावरून हौदाच्या तळाचा गाळही काढला. मोटारच बदला असा सल्ला मला आधी दोघांनी दिला होता आणि तो ऐकला असता तर नवी मोटारही त्याच चोंदलेल्या जाळीतून पाणी ओढत राहिली असती.

आता मोटार दिवसातून एकदाच, सुमारे पंचवीस मिनिटे चालते. त्यानंतरच्या पहिल्या पूर्ण महिन्याचे बिल ११८ युनिटांचे आले. काठी मी गच्चीवरच ठेवली आहे आणि दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी रात्री टाकीत खूण करून सकाळी पातळी पाहतो.