ताबा नसलेलं खरेदीखत

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, नाहीतर एरवी चहाचं निमित्त काढून मी उठतो.

प्रश्न नेहमीचाच. "काका, त्या वर्षी काकूंना केवढं छान वचन निघालं होतं. आणि त्या तर गेल्या. तरी तुम्ही चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसून मोठ्यानं गाता. वचन खोटं ठरलं असं नाही का वाटत?"

31 डिसेंबरच्या रात्री आमच्या मंडळीत उपासनेनंतर चिठ्ठ्यांची परडी फिरते. जी उचलाल ते तुमचं वर्षाचं वचन. हिला बायबलमधलं यिर्मया 29:11 निघालं होतं. तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत, अशा अर्थाचं. मार्चमध्ये डॉक्टरांनी किडन्या गेल्याचं सांगितलं. मग आठवड्यातून दोनदा डायलिसिस.

मला राग आला, लपवत नाही. चिठ्ठी पाकिटात होती, ती फेकायला म्हणून काढली आणि अख्खा अध्याय वाचला. आधीची ओवी चिठ्ठीवर कोणी छापत नाही. तिच्यात 70 वर्षं लिहिली आहेत. बाबेलात, म्हणजे बॅबिलोनला, धरून नेलेल्या यहुदी लोकांना यिर्मया संदेष्ट्यानं पाठवलेलं पत्र आहे ते. त्यांच्यातल्या चाळिशीच्या माणसाला त्याचा अर्थ सरळ होता: तू काही परत जात नाहीस. त्याच सुमारास हनन्या नावाचा संदेष्टा, दोन वर्षांत सगळे परत येतील, असं सांगत होता. (हनन्याच्या सभेला आजही गर्दी होते.) यिर्मयाच्या पत्रात मात्र घरं बांधा, बागा लावा, त्यांची फळं खा, असं आहे.

पण मला खरं धरलं ते पुढच्या 32व्या अध्यायानं. मी तीस वर्षं दस्त लिहितोय, निबंधक कार्यालयाबाहेर टेबल टाकून. यरुशलेमला बाबेलच्या सैन्याचा वेढा, यिर्मया स्वतः पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत, आणि तिथं तो चुलतभावाकडून अनाथोथचं शेत विकत घेतो! मोबदला 17 शेकेल रुपं, म्हणजे साधारण 200 ग्रॅम चांदी, तेही तराजूत तोलून. साक्षीदार आहेत, सही आहे, एक प्रत मोहरबंद, एक उघडी. आपल्या लेखनिकाला, बारूखाला सांगतो, दोन्ही मातीच्या मडक्यात ठेव, पुष्कळ दिवस टिकल्या पाहिजेत. या देशात पुन्हा घरं, शेतं, द्राक्षमळे विकत घेतले जातील, हे देवाचं वचन होतं. त्यावर त्यानं पैसे मोजले. आमच्या टेबलावर कोणी असा व्यवहार आणला असता तर मीच म्हटलं असतं, साहेब, ताबा कुठाय?

शहर पुढं पडलंच. ते शेत यिर्मयानं कसल्याचं कुठं लिहिलेलं नाही.

मला सगळ्यात आवडतं ते खतानंतरचं. सही करून, रुपं मोजून झाल्यावर तो प्रार्थनेला बसतो आणि देवालाच म्हणतो, वेढ्याचे मोर्चे शहराला भिडलेत आणि तू मला शेत घ्यायला सांगतोस? आमच्याकडे लोक सहीआधी शंका काढतात. यानं सही आधी केली.

हिला हे सगळं एका संध्याकाळी वाचून दाखवलं. ती हसली आणि म्हणाली, मग ओट्याचं काम कशाला थांबवलंय? आठ महिने विटा नुसत्या पडून होत्या. दुसऱ्या दिवशी आम्ही ग्रॅनाईट बघायला गेलो. डायलिसिसचा दिवस नव्हता, तरी दमली होती. स्टुलावर बसून दोन तास दुकानदाराला पिडलं, हा नको, यात लाल ठिपके आहेत. इतकी खुशीत मी तिला लग्नातही पाहिली नव्हती. दुकानदारानं सांगितलं, वीस वर्षं हलणार नाही. ती म्हणाली, चालेल.

तेव्हा वचन खोटं ठरलं का, याचं माझं उत्तर एवढंच आहे की खत माझ्याजवळ आहे आणि ताबा पुनरुत्थानाच्या दिवशी मिळायचा आहे. गातो ते त्या हिशेबानं. काही रविवारी आवाज फुटत नाही, तेव्हा शेजारचे गातात.

अडीच वर्षं तिनं त्या ओट्यावर पोळ्या केल्या. आता मी लाटतो. आकार विचारू नका.