३१ मे नंतर सकाळचा चहा कोण करणार?

पुढच्या वर्षी ३१ मेला मी रिटायर होणार. वाढदिवस खरा श्रावणातला, आई सांगायची नागपंचमीनंतर दोन दिवसांनी झालीस म्हणून, पण गुरुजींनी शाळेत नाव घालताना सरळ १ जून ठोकून दिला. माझ्या वयाच्या निम्म्या शिक्षकांचा वाढदिवस १ जूनच असतो, कुठल्याही झेडपीच्या शाळेत जाऊन विचारा. आणि एक तारखेचा जन्म असला की आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी सेवा संपते, त्यामुळे ३१ मेला तालुक्यात नुसते फेटे, शाली आणि नारळ. गंमत म्हणजे त्या दिवशी उन्हाळ्याची सुट्टी असते. ज्या पोरांसाठी तीस-बत्तीस वर्षं घसा फोडला त्यातलं एक पण पोरगं शाळेत नसतं, मोकळ्या वर्गाला कुलूप लावायचं आणि घरी यायचं.

तर हे जवळ आलंय कळल्यापासून जो भेटतो तो एकच बोलतो, आता काय मॅडम, मोकळ्याच की!

स्टाफमधल्या पोरी म्हणतात मोकळ्या. पुण्याची लेक म्हणते आई आता तू मोकळीच आहेस तर बाळाला डे-केअरला कशाला ठेवू. गल्लीतल्या भिशीच्या बायका म्हणतात आता हिशेब तुमच्याकडे, तुम्ही मोकळ्या. आणि घरचे हे, ते काही बोलत नाहीत, पण परवा भाजी निवडताना सहज म्हणाले, तू घरी असलीस की दुपारचं गरम जेवण होईल. मला एकदम लक्षात आलं की माझ्या रिटायरमेंटचं प्लॅनिंग सगळ्यांनी करून ठेवलंय, फक्त मी सोडून.

हे रिटायर झाले २०२३ ला. आमच्या कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत सुपरवायझर होते, ५८ पूर्ण झाली, कंपनीनं घड्याळ दिलं, संपलं. पहिले पंधरा दिवस पाहुण्यासारखे वागले. मग एक दिवस मी शाळेतून आले तर किचनमधले सगळे डबे ओट्यावर. म्हणे तुमच्याकडं सिस्टिमच नाही. कंपनीत ते फाइव्ह एस असतं ना, प्रत्येक वस्तूला जागा, प्रत्येक जागेला नाव, ते ह्यांनी माझ्या स्वयंपाकघरात आणलं. डब्यांवर लेबलं, साखर, तूरडाळ, रवा बारीक, रवा जाड. इथवर ठीक. पण भिंतीवर मार्करनं उलथन्याचा, झाऱ्याचा, किसणीचा आकार काढून ठेवला, म्हणजे वस्तू जागेवर नसली तर लगेच दिसावी. सासूबाई दोन दिवस त्या भिंतीकडं बघून तोंडाला पदर लावून हसत होत्या.

पण तेव्हा मी चिडले होते तेवढी आता चिडत नाही. माणूस तीस वर्षं शिफ्टच्या भोंग्यावर जगला, भोंगा बंद झाला, मग तो घरात भोंगा शोधणारच. सकाळी रंकाळ्याला फेरी, येताना गंगावेशीतून दूध, नऊला पेपर संपला की पुढचे बारा तास काय करायचे हा प्रश्न. पीएफचं काय करायचं याचा अभ्यास ह्यांनी दोन वर्षं आधी केला होता, वही आहे अजून. सकाळी नऊनंतर काय करायचं हे त्या वहीत एका ओळीचं पण नाही.

पैशाचं थोडक्यात सांगते कारण ते विचारणारे पण लई आहेत. ह्यांची ईपीएसची, म्हणजे पीएफवाल्या नोकरीची पेन्शन हातात साडेचार हजार पण येत नाही. पगाराची मर्यादा धरतात (आता १५ हजार, २०१४ च्या आधी तर साडेसहा), नोकरीच्या वर्षांनी गुणतात आणि ७० नं भागतात, मग काय येणार. म्हणून पीएफमधले १५ लाख पोस्टात सीनियर सिटीझन योजनेत टाकले, ८.२ टक्के, दर तीन महिन्यांनी ३०,७५० रुपये येतात आणि पाच वर्षं तोच दर. रिटायर झालेल्याला साठीच्या आधी पण ५५ नंतर हे खातं काढता येतं, फक्त पैसे हातात आल्यावर ठरलेल्या मुदतीत काढायचं, ते बघून घ्या. माझं तसं बरं आहे, मी नोव्हेंबर २००५ च्या आधीची, त्यामुळे जुनी पेन्शन. आमच्या शाळेतले २००५ नंतरचे सर, ज्यांना ती नाही, ही चर्चा निघाली की उठून बाहेर जातात, आणि मला त्यात काही बोलायला तोंड नाही. (टीईटीच्या, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेच्या तडाख्यातून पण आम्ही वाचलो, पाच वर्षांपेक्षा कमी नोकरी राहिलेल्यांना सूट मिळाली म्हणून. नाहीतर ह्या वयात ती परीक्षा!)

एकच वाद चालू आहे, पेन्शन विकायची का नाही. कागदावर अंशराशीकरण म्हणतात, बोलताना सगळे विकणंच म्हणतात. ४० टक्क्यांपर्यंत विकता येते, एकरकमी पैसे मिळतात, आणि तेवढी पेन्शन १५ वर्षं कमी येते, महागाई भत्ता मात्र पूर्ण पेन्शनवरच मिळतो. हे म्हणतात सगळी ४० टक्के विक, वरच्या मजल्याला स्लॅब टाकू. मी म्हटलं वरच्या मजल्यावर राहणार कोण? लेक पुण्यात, भाडेकरूशी भांडायला मी नाही. अजून ठरलेलं नाही, पण स्लॅब होणार नाही एवढं ठरलंय.

आणि एक, निवृत्तीची रक्कम यायच्या आधी सल्लागार येतात. भाचा येतो, भाच्याचा मित्र येतो, पतसंस्थेतले ओळखीचे येतात की आमच्याकडं दोन टक्के जास्त. आमच्या नात्यातल्या एका काकांचे असेच एका पतसंस्थेत अडकले, पोरीच्या लग्नाचे पैसे, अजून खेटे घालतायत. बँक बुडाली तर ५ लाखांपर्यंत विमा असतो, सहकारी बँकेला पण असतो, पतसंस्थेला नसतो. मी तर आता कुणी आलं की चहा देते आणि सेवापुस्तकाच्या पडताळणीचं रडगाणं सुरू करते. नोंदी राहिल्यात, सह्या राहिल्यात, पंचायत समितीत फेऱ्या मारतेय. दहा मिनिटांत उठतात.

तर मुद्दा चहाचाच होता. गेल्या रविवारी ह्यांना म्हटलं चला रंकाळ्यावर. भेळ घेतली, कठड्यावर बसलो, आणि मी पर्समधून वही काढली. बाईमाणूस शिक्षिका, वेळापत्रकाशिवाय दुसरं काय करणार. आठवड्याचे सात दिवस, दिवसाच्या आठ तासिका, दोन रकाने, एक माझा एक ह्यांचा. म्हटलं अहो, भरा. ह्यांनी त्यांच्या रकान्यात फेरी, पेपर, कट्टा, विश्रांती लिहिलं. माझ्या रकान्यात काहीच लिहिलं नाही. म्हटलं माझं का रिकामं? तर म्हणतात तुझं काय, तुझं चालूच असतं.

खरंच तसं असतं हो. सकाळी पाचला उठून स्वयंपाक, साडेनऊला स्कूटी, संध्याकाळी परत ओटा. ह्यातली शाळा गेली की फक्त ओटा राहतो, आणि वर लोक म्हणणार मॅडम मोकळ्या झाल्या.

मग मी ओट्याच्या पण तासिका पाडल्या. सकाळचा चहा, सासूबाईंच्या गोळ्या, कुकर, दुपारची भाजी, भाकरी, रात्रीचं. निम्म्या ह्यांच्या रकान्यात. हे लगेच म्हणाले, अगं मी स्वयंपाक करतो की! आता कोल्हापूरचा पुरुष आणि मटण, हे वेगळंच प्रकरण आहे. रविवारी सकाळी स्वतः जाऊन मटण आणणार, वाटण स्वतः बघणार, तांबडा झकास, पांढरा त्याहून झकास, दोस्त येऊन नाद खुळा म्हणून जेवून जाणार, आणि मागं चार पातेली, दोन कढया आणि तेलकट ओटा मला. मंगळवारी दोडक्याची भाजी कर म्हटलं की ह्यांना दोडका कुठला आणि घोसावळं कुठलं कळत नाही. म्हटलं मटणाचं सोडा, मंगळवारचं बोला.

अर्धा तास घासाघीस झाली, शेवटी चहा, गोळ्या, कुकर, आणि आठवड्यात तीन भाज्या एवढं ह्यांच्याकडं गेलं. भाकरी माझ्याकडंच, कारण ह्यांची भाकरी एकदा बघितलीय, नकाशावर कर्नाटक दिसतं तशी. घरी येऊन सासूबाईंना वही दाखवली. ८४ वय, ७० च्या वरचं आयुष्मान कार्ड काढलंय, एसटीला तिकीट लागत नाही, पण लसणाची टोपली अजून कुणाला देत नाहीत. म्हणाल्या, "मला कोण रिटायर केलंय व्हय गं? मी अजून लसूण सोलतो न्हवं!" इकडच्या जुन्या बायका अशाच बोलतात, सोलतो, दमलो, जेवलो. मग वहीत तिसरा रकाना पाडला आणि त्यात फक्त लसूण लिहिलं, बाकी सगळं त्यांच्याकडून काढून घेतलं. रागावल्या, पण संध्याकाळपर्यंतच.

आता माझा रकाना. सोमवार ते गुरुवार सकाळी दोन तास करवीर नगर वाचन मंदिर. १८५० सालची लायब्ररी, मी ह्याच शहरात जन्म काढला, आणि सभासद झाले ती बी.ए.ला असताना एक वर्ष, तेवढीच. शुक्रवारी एसटी. बायकांना २०२३ पासून अर्धं तिकीट आहेच, मी आणि माझी एक मैत्रीण (ती माझ्याच १ जूनची) दर शुक्रवारी कुठंतरी जाणार, नरसोबाची वाडी, खिद्रापूर, पन्हाळा, राधानगरी, संध्याकाळच्या आत परत. खिद्रापूरला मी चार वेळा गेले, चारही वेळा पोरांची सहल घेऊन, त्यामुळे कोपेश्वराच्या देवळातलं मला फक्त एवढंच आठवतंय की पोरं मोजली आणि एक कमी भरला. शिल्पं बघायची राहिलीच.

लेकीला फोन करून सांगितलं की बाळासाठी वर्षातून दोन वेळा महिना-महिना येईन, पण डे-केअर बंद करू नकोस. ती थोडी गप्प झाली. मग म्हणाली बाबा पण येणार का? म्हटलं येतील, चहा करायला शिकतायत. भिशीचा हिशेब मात्र घेतला, त्यात मला खरंच मजा येते.

वर्षभर आधी ट्रायल घ्यायची असं ठरलंय, म्हणून ह्या सोमवारपासून सकाळचा चहा आणि कुकर ह्यांच्याकडं. पहिल्या दिवशी आलं न धुता किसून टाकलं, दुसऱ्या दिवशी साखर दोनदा पडली, लेबल असून. आज चहा बरा होता, खोटं कशाला बोलू. मी बाहेर खुर्चीत बसून हे टाईप करतेय, आत कुकरची तिसरी शिट्टी झाली आणि हाक आली, अगं, डाळीला तीन का चार?

म्हटलं, डब्यावर लिहून ठेवलं नाही का?