दोन रुपयांचा आक्षेप

मतदान केंद्रावर दुसऱ्याच्या ओळखीवर शंका घ्यायची तर ती फुकटात घेता येत नाही. एखादा मतदार यादीतला तोच माणूस नाही असं एखाद्या पोलिंग एजंटला वाटलं, तर त्याने केंद्राध्यक्षाकडे रोख दोन रुपये भरायचे, पावती घ्यायची आणि मग चौकशी सुरू होते. आक्षेप खोडसाळ निघाला तर दोन रुपये सरकारजमा. हा नियम १९६१ सालचा. तेव्हा दोन रुपयांना काही वजन असेल. पुढे देशात सगळ्याचे भाव वाढले, शंकेचा भाव मात्र तेवढाच राहिला.

बँकेच्या नोकरीत असताना निवडणुकीची ड्युटी लागायची, त्यामुळे हे पावतीपुस्तक मी पाहिलेलं आहे. आदल्या दिवशी तालुक्याला साहित्य ताब्यात घेताना लाख, सुतळी, मेणबत्ती, शाई, असंख्य लिफाफे आणि त्यातच हे पुस्तक मोजून घ्यायचं, आणि दुसऱ्या दिवशी रात्री कोरंच परत द्यायचं. दोन रुपये भरणारा एजंट मला कधी भेटला नाही. आरडाओरडा करणारे पुष्कळ भेटले. आरडाओरडा फुकट असतो.

खेड्यातल्या केंद्रावर या पुस्तकाची गरजच पडत नाही. पहिला मतदान अधिकारी नाव मोठ्याने वाचतो, बाकावर बसलेले एजंट आपापल्या यादीवर रेघ मारतात आणि मारता मारता सांगतात, ‘‘हां, पाटलांची धाकटी सून.’’ कुणी म्हणतं, ‘‘काकू, गुडघा कसा आहे?’’ चार पक्षांचे चार एजंट एरवी एकमेकांचं तोंड बघत नसतील, पण काकू त्याच काकू आहेत यावर त्यांचं एकमत असतं. कार्ड काकूंच्या पिशवीत असतं. त्या ते पुढे करतात, मी बघतो, नियम पाळला जातो. ओळख मात्र त्याआधीच पटलेली असते.

शहरातल्या केंद्रावर हे चालत नाही. तिथे एजंट त्याच वॉर्डातला असला तरी समोरच्या सोसायटीतल्या तिसऱ्या मजल्यावर कोण राहतं हे त्याला ठाऊक नसतं. तिथे फोटोच लागतो. फोटो ओळखपत्राच्या वादाचं मूळ मला तरी इथेच दिसतं. ज्या गावात माणसं एकमेकांना ओळखत नाहीत, तिथे कागद लागतो, आणि कागद आला की तो कुणाकडे आहे आणि कुणाकडे नाही हा तंटा त्याच्या पाठोपाठ येतो.

आपल्याकडे हा तंटा फार जुना. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीची यादी करताना उत्तरेकडच्या अनेक बायकांनी स्वतःचं नाव सांगायला नकार दिला. अमक्याची आई, तमक्याची बायको, एवढंच सांगितलं. सुकुमार सेन तेव्हा मुख्य निवडणूक आयुक्त होते. अशा नोंदी त्यांनी चालू दिल्या नाहीत आणि सुमारे २८ लाख बायकांची नावं यादीतून गेली. त्या बायका आपापल्या गावात कुणालाच अनोळखी नसणार. सरकारला मात्र नाव हवं होतं, नातं नको होतं.

आपण महाराष्ट्रातले लोक यावर हसू नये. आपल्याकडे नाव सांगायला बाई लाजत नाही, पण कितीतरी घरांत लग्नात ताम्हनातल्या तांदळावर तिचं नवं नाव लिहिलं जातं. माहेरच्या गावच्या यादीत ती सुनंदा देशपांडे, सासरच्या यादीत मानसी कुलकर्णी. दोन्ही खऱ्या, दोन्ही एकच. ‘दुबार मतदार’ म्हणून ज्यांच्या नावाने ओरड होते, त्यांत बनवाबनवी करणारे असतीलच. पण आपल्या लग्नपद्धतीने तयार केलेल्या अशा सुनंदा-मानसीही काही कमी नसतील. इथे फोटोचा खरा उपयोग आहे. तांदळात चेहरा बदलता येत नाही.

फोटोची कल्पना नव्वदच्या दशकातले मुख्य निवडणूक आयुक्त शेषन यांनी काढली असं बहुतेकांना वाटतं. तसं नाही. कायद्यात तरतूद १९५८ सालीच झाली होती, आणि १९६० साली कोलकात्याच्या दक्षिण-पश्चिम लोकसभा मतदारसंघातल्या पोटनिवडणुकीत प्रयोगही झाला. फोटोग्राफर दारोदार फिरले. पुष्कळ बायकांनी फोटो काढून घ्यायला साफ नकार दिला, पुष्कळ लोक घरी सापडले नाहीत. सुमारे ३ लाख ४२ हजार मतदारांपैकी २ लाख १० हजारांच्या आसपास लोकांनाच कार्डं मिळाली, आणि हा नाद सोडून देण्यात आला. सिक्कीममध्ये १९७९ साली फोटोची कार्डं निघाली, पुढे ईशान्येकडच्या आणखी काही राज्यांत. बाकी देश बोटाच्या शाईवर चालला होता. म्हैसूरच्या कारखान्यातली ती शाई १९६२ पासून वापरात आहे. शाईचा स्वभाव मला आवडतो. तुम्ही कोण हे ती विचारत नाही, तुम्ही आज एकदा येऊन गेलात एवढंच सांगते.

मग १९९३ साली टी. एन. शेषन यांनी हुकूम काढला की सगळ्या मतदारांना फोटोचं ओळखपत्र द्या, आणि १ जानेवारी १९९५ नंतर कार्डाशिवाय निवडणूक नाही. राज्य सरकारांनी खर्चाचा पाढा वाचला, पक्षांनी हेतूवर शंका घेतली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि कार्डं नाहीत म्हणून निवडणूक थांबवता येणार नाही असं ठरलं. फेब्रुवारी-मार्च १९९५ मध्ये महाराष्ट्र विधानसभेची निवडणूक झाली ती बरीचशी जुन्या ओळखीवरच. पण काम सुरू झालं होतं. शाळेच्या वर्गात पडदा टांगून, बाकावर बसवून, फटाफट फोटो निघत होते. माझ्या कार्डावर मी शिंक येण्याच्या आधीच्या क्षणी सापडलो आहे. बायकोच्या कार्डावर पतीच्या जागी ‘वडील’ छापून आलं आणि खाली माझं नाव. सरकारी कागदावर मी बरीच वर्षं तिचा बाप होतो. तिने ते कार्ड दुरुस्त करायला दिलं नाही, भांडणात उपयोगी पडतं म्हणून.

असली कार्डं घेऊन लोक येतात तेव्हा केंद्राध्यक्षाने काय करायचं, याची सूचना आयोगाने देऊन ठेवली आहे: ओळख पटत असेल तर किरकोळ चुका सोडून द्या. ही सूचना ज्याने लिहिली त्याने आपला देश बघितला असणार. शिवाय कार्ड नसेल तर आधार, पासपोर्ट, लायसन्स, पॅन, फोटो असलेलं बँकेचं किंवा पोस्टाचं पासबुक, रोजगार हमीचं जॉबकार्ड, अशी एकूण बारा कागदपत्रं चालतात. रोजगार हमीचं जॉबकार्ड आणि खासदाराचं ओळखपत्र एकाच यादीत, एकाच मोलाची.

म्हणून अमेरिकेतला वाद वाचताना सुरुवातीला माझा गोंधळ व्हायचा. फोटो दाखवायला सांगितलं तर एवढं काय बिघडतं? मग लक्षात आलं की तिथे सरकारने घरी आणून दिलेलं कार्डच नाही. बहुतेकांचा फोटो असतो तो गाडीच्या लायसन्सवर, आणि ज्याच्याकडे गाडी नाही, तो अडतो. इंडियाना राज्याने २००५ साली फोटोची सक्ती केली. प्रकरण २००८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि कायदा सहा विरुद्ध तीन मतांनी टिकला. गंमत अशी की, दुसऱ्याच्या नावावर केंद्रात येऊन मत दिल्याचं एकही उदाहरण इंडियानाच्या इतिहासात घडल्याचा पुरावा समोर नाही, असं न्यायालयानेच नोंदवलं. आणि कायद्यामुळे नेमकी किती माणसं मताला मुकतील हे विरोधकांनाही धड दाखवता आलं नाही. दोन्ही बाजू रिकाम्या हाताने भांडत होत्या. निकालानंतर थोड्याच दिवसांत साउथ बेंडच्या एका मठातल्या, ऐंशी-नव्वदीच्या डझनभर ख्रिस्ती जोगिणी मताला आल्या आणि फोटोचं चालू ओळखपत्र नाही म्हणून परत गेल्या. परत पाठवणारी मतदान अधिकारी त्याच मठातली होती. ती त्यांना रोज बघत असणार.

आमच्या एजंटांच्या बाकावर हे झालं नसतं, असं म्हणायचा मोह होतो. झालंही असतं. नियम तो नियम.

टेक्ससचा कायदा तर असा की, पिस्तुलाचा परवाना ओळख म्हणून चालतो, कॉलेजचं ओळखपत्र चालत नाही. इंग्लंडने २०२३ च्या स्थानिक निवडणुकांपासून फोटो मागायला सुरुवात केली. तिथे म्हाताऱ्यांचा बसचा पास चालतो, तरुणांचं रेल्वेचं सवलतीचं कार्ड चालत नाही. फोटो मागण्याला माझी हरकत नाही, कोणता फोटो चालेल हे कोण ठरवतं ते बघावं. सगळं राजकारण त्या यादीत असतं. बाकी या कायद्याची झळ बसलेला सगळ्यांत नामांकित माणूस म्हणजे बोरिस जॉन्सन. त्यांच्याच सरकारने तो केला होता. मे २०२४ मध्ये ते ओळखपत्र विसरून मताला गेले आणि आपलं नाव-पत्ता छापलेलं मासिकाचं वेष्टन पुढे केलं. केंद्रावरच्या माणसांनी त्यांना घरी पाठवलं. माजी पंतप्रधानाचा चेहरा त्या खोलीत कुणाला ठाऊक नसेल असं नाही.

कार्डाचा एवढा ऊहापोह करूनही एक गोष्ट राहतेच. कार्ड हातात असून माणूस परत जातो, कारण यादीत नाव नाही. २०१४ च्या लोकसभेला पुण्या-मुंबईत हेच झालं. वर्षानुवर्षं मत देणारे लोक कार्ड नाचवत उभे होते आणि यादीत त्यांची ओळच नव्हती. बिहारमध्ये २०२५ साली याद्यांची विशेष फेरतपासणी झाली. पहिल्या मसुद्यातून सुमारे ६५ लाख नावं गळली, आणि यादीत राहायला पुरावा म्हणून मतदार ओळखपत्र एकटं पुरणार नाही, असं आयोगाचं म्हणणं होतं. म्हणजे कार्ड यादीवरून निघालं, म्हणून यादीसाठी ते कार्ड चालेना. तर्क बरोबर असेल, पण त्या रांगेतल्या बाईला तो समजावून सांगायची ड्युटी माझ्यावर आली नाही याचं मला बरं वाटतं.

उलट बाजूला न येणारे लोक यादीत ठाण मांडून असतात. केंद्राध्यक्षाला एक वेगळी यादी मिळते: अनुपस्थित, स्थलांतरित, मयत. त्यातल्या नावावर कुणी आलं तर डोळ्यांत तेल घालून बघायचं. कारण एकदा खोटा माणूस मत देऊन गेला आणि खरा नंतर आला, तर खऱ्याला मशीनवर जाता येत नाही. त्याला कागदाची मतपत्रिका देतात, तिला ‘प्रदत्त मत’ म्हणतात. ती लिफाफ्यात बंद होते आणि न्यायालयाने सांगितल्याशिवाय मोजलीच जात नाही. खोटा मोजला जातो, खरा पाकिटात बसतो. राजस्थानात नाथद्वाऱ्याला २००८ च्या विधानसभेला काँग्रेसचे सी. पी. जोशी एका मताने हरले, तेव्हा अशा पाकिटांवरून सर्वोच्च न्यायालयापर्यंत वाद गेला होता.

ही मयत आणि स्थलांतरित मंडळी यादीत राहतात कशी? कट असतो, हे उत्तर सभेत चांगलं वाटतं. माझ्या पाहण्यात बहुतेक वेळा घरच्यांची माया असते, आणि थोडा आळस. वडील गेल्यावर माणूस दहावं-तेरावं करतो, बँकेत वारस लावतो, सातबाऱ्यावर नोंद करतो, कारण तिथे काही मिळायचं असतं. यादीतून नाव काढायला सात नंबरचा फॉर्म भरावा लागतो आणि त्यातून मिळत काहीच नाही. वर आपल्या हाताने बापाच्या नावावर काट मारायची. कोण उठून करणार?

माझी मावसबहीण बरीच वर्षं इंग्लंडात आहे, नागरिकत्व अजून भारताचं. राष्ट्रकुलातल्या देशांच्या तिथे राहणाऱ्या नागरिकांना तिथे मत देता येतं आणि ओळख म्हणून भारताचा पासपोर्टही चालतो, त्यामुळे ती आपला निळा पासपोर्ट घेऊन त्यांच्या खासदाराला मत देऊन येते. भारतात मत द्यायचं असेल तर अनिवासी मतदार म्हणून नाव नोंदवून तोच पासपोर्ट दाखवायला तिला विमानाने सांगलीला यावं लागेल. ती नोंदणी तिने केलेली नाही. तिचं जुनं, माहेरच्या पत्त्यावरचं नाव मात्र अजून यादीत आहे. मागे बीएलओ म्हणून, म्हणजे मतदार यादीचं काम बघायला, जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या बाई मावशीच्या घरी आल्या होत्या, तेव्हा मी तिथेच होतो.

‘‘काकू, ताई आता इथे नसतात ना? नाव कमी करायचं का?’’

‘‘कमी कशाला? येते की ती.’’

‘‘कधी?’’

‘‘दर गणपतीला येते.’’

‘‘गणपतीत मतदान नसतं हो काकू.’’

‘‘मग ठेवावं की सरकारने,’’ मावशी म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली. बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी निवृत्त झालो आहे, असं त्यांना सांगितलं.