सुट्टीची पाखरं

डिसेंबरात इंग्लंडमधल्या ब्रायटनला दुपारी चारच्या आसपास सूर्य मावळतो. म्हणजे आपल्याकडे जेव्हा दुसरा चहा टाकतात तेव्हा इथे दिवस संपलेला असतो, त्यामुळे साडेतीनलाच पॅलेस पिअरच्या, म्हणजे समुद्रात शिरलेल्या लांब धक्क्याच्या, कठड्याशी जाऊन उभं राहावं लागतं, कानटोपी घालून, हातातल्या चिप्स सीगलपासून सांभाळत. थंडी अशी की नाक आहे की गळून पडलं ते चाचपून बघावं.

पाखरं पहिल्यांदा पाचपन्नासच येतात, धुरासारखी. मग टेकड्यांकडून अजून एक थवा, मग अजून एक, दिवसभर कुरणांतल्या अळ्या टिपून परतलेले, आणि बघता बघता हजारो स्टार्लिंग एकत्र होऊन समुद्रावर तो खेळ सुरू होतो, कधी पखाल, कधी वळलेली चादर, कधी नुसतीच काळी शाई सांडल्यासारखी. यातली बरीच पाहुणी, उत्तर युरोपातली थंडी टाळून आलेली. दिसायला आपल्या साळुंकीच्या भावकीतली (खरंच एकाच कुळातली आहेत), अंगावर पांढरे ठिपके, आणि बडबड तर अगदी घरची.

पलीकडे जुन्या वेस्ट पिअरचा लोखंडी सांगाडा समुद्रात उभा आहे. 1866 चा तो, 1975 ला बंद पडला, 2003 मध्ये तर दोनदा जळला. आधी पाखरं त्याच पडक्या इमारतीत झोपायची. छप्परच गेलं म्हटल्यावर बहुतेक बिऱ्हाड शेजारच्या पॅलेस पिअरखाली हललं. वर पाळणे, डोनटचा वास, कर्कश गाणी, आणि खाली खांबांमधे ही मंडळी झोपणार. कशी झोपतात देव जाणे.

मी मंगळवेढ्याकडचा. आमच्याकडे यांच्या बहिणी येतात, भोरड्या, गुलाबी पाठीच्या आणि काळ्या डोक्याच्या, हिवाळ्यात. ज्वारी चिकात आली की थवाच्या थवा रानात उतरतो आणि कणसं साफ. म्हणून लहानपणी शाळा सुटली की पाखरं राखायला जायचं, माळ्यावर चढायचं, पत्र्याचा डबा बडवायचा, घसा फाटेस्तोवर हाऽऽ हाऽऽ करायचं. आजोबांची गोफण फाट्कन वाजायची, गुंडा थव्यातून जायचा, थव्याला भोक पडायचं आणि लगेच बुजायचं. एक पाखरू लागलेलं मी कधी बघितलं नाही. आजोबा म्हणायचे, मारायचं नसतं, सांगायचं असतं.

ते भोक बुजतं कसं, याचा हिशोब रोममधल्या शास्त्रज्ञांनी स्टार्लिंगचे फोटो काढून मांडला. 2008 मध्ये त्यांनी दाखवलं की प्रत्येक पाखरू फक्त जवळच्या सहासात शेजाऱ्यांवर नजर ठेवतं, मग ते शेजारी हातभर लांब असोत की दहा हात. मुकादम नाही, म्होरक्या नाही. बहिरी ससाणा आला की एकाने अंग चोरलं, शेजाऱ्याने चोरलं, आणि लाट पार टोकापर्यंत. त्या टीममधले जॉर्जिओ पारिसी, ज्यांना 2021 चं फिजिक्सचं नोबेल मिळालं.

पण खरं सांगू का, हा खेळ मी लहानपणी कधी बघितलाच नाही. भोरड्यापण करतात की हेच, संध्याकाळी ओढ्याकाठच्या बाभळींवर झोपायला जाण्याआधी. पण पाखरं बाभळीकडे वळली याचा आमच्यासाठी अर्थ एकच, राखण संपली, चला घरी! माळ्यावरून धडाधड उड्या टाकून आम्ही गावाकडे पळत सुटायचो, थवा मागे आभाळात काय करतोय ते मान वळवून बघायलासुद्धा कोण थांबणार, घरी भाकरी गरम असायची. म्हणजे इतकी वर्षं मी त्याच्याकडे पाठ करून पळत होतो आणि आता ट्रेनचं तिकीट काढून बघायला येतो. बरं तिकीटपण स्वस्त नाही.

परवा न राहवून काकांना व्हिडिओ कॉल लावला. तिकडे रात्रीचे साडेनऊ, काका अंथरुणात. मी फोन आभाळाकडे धरला.

"आरं बाबाऽ, एवढी पाखरं! कुणाच्या रानात हायती?"

"समुद्र आहे हो काका. रान नाही."

"मंग राखायला कोण न्हाई का?"

"नाही ना. उलट लोक बघायला जमलेत. इथे कमी होत चाललीत म्हणे."

काका जरा वेळ गप्प. भोरड्या कमी झाल्या तर वाईट वाटून घ्यायचं, हे त्यांच्या हिशोबात कुठे बसवावं कळत नसावं. तेवढ्यात थवा एकदम खाली ओतला गेला, नरसाळ्यातून ज्वारी पोत्यात पडावी तसा, सरळ पिअरखाली. आभाळ रिकामं. फक्त फळ्यांखालून कलकल, आणि लोकांच्या टाळ्या.

"गेली का झोपाया?"

"गेली."

"मंग तू काय करतुस तिथं अजून? जा की घरला."