नाणी मुंबईत, कर्जाचा इतिहास धावडशीत

रिझर्व्ह बँकेचे नाणी आणि नोटांचे संग्रहालय मुंबईच्या फोर्ट भागात, सर फिरोजशहा मेहता मार्गावर आहे. १८ नोव्हेंबर २००४ रोजी तत्कालीन राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. साताऱ्याच्या बँकेत आयुष्य काढलेल्या माझ्या मामांना ते दाखवायचे बरेच दिवस मनात होते. गेल्या हिवाळ्यात तो योग आला.

आहत, म्हणजे ठसे ठोकून बनवलेल्या प्राचीन नाण्यांपासून आजच्या नोटांपर्यंतची मांडणी नेटकी आहे. मराठ्यांच्या नाण्यांपाशी आम्ही सर्वाधिक रेंगाळलो. एका बाजूस ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ अशी अक्षरे असलेली तांब्याची शिवराई सामान्य माणसाच्या रोजच्या व्यवहारातली होती, आणि म्हणूनच मला ती सोन्याच्या होनापेक्षा मोलाची वाटते.

मामा मात्र हुंड्यांपाशी, म्हणजे पैसे देण्याविषयीच्या सराफी चिठ्ठ्यांपाशी थांबले. पुण्याच्या पेढीवर रक्कम भरावी, चिठ्ठी घेऊन साताऱ्याच्या सराफाकडे जावे आणि हुंडणावळ, म्हणजे या व्यवहाराचा आकार, वजा होऊन पैसे हाती पडावेत, अशी ही व्यवस्था होती. हुंडी दर्शनी असेल तर दाखवताच आणि मुदती असेल तर ठरलेल्या दिवसांनी पैसे मिळत, त्यामुळे वाटेत लुटारूंच्या हाती रोकड लागण्याची भीती राहत नसे. “नाणं काचेत ठेवता येतं रे, पण ज्या भरवशावर ही चिठ्ठी वटायची, तो कुठल्या कपाटात ठेवणार?” मामांच्या या प्रश्नानेच आमची पुढची वाट ठरवली आणि परत आल्यावर आम्ही धावडशीला गेलो.

साताऱ्याजवळचे हे गाव ब्रह्मेंद्रस्वामींचे. १७२७ मध्ये सिद्दीने चिपळूणजवळचे परशुराम क्षेत्र लुटल्यानंतर स्वामी घाटावर आले आणि छत्रपती शाहू महाराजांनी इनाम दिलेल्या धावडशीत राहिले. १७४५ मध्ये त्यांचे निधन झाले. भार्गवरामाचे, म्हणजे परशुरामाचे, दगडी मंदिर, स्वामींची समाधी आणि पाण्याची बांधीव कुंडे पाहून आपण एका संन्याशाच्या स्थानी आलो आहोत, एवढेच जाणवते. परंतु याच संन्याशाकडून पहिल्या बाजीरावांनी व्याजाने पैसे घेतले होते. फौज उभी करायला रोकड आज लागे, तर चौथाई आणि वसूल पुढे कधीतरी हाती येई; मधल्या काळात शिलेदारांचा, म्हणजे स्वतःचा घोडा घेऊन लढणाऱ्या स्वारांचा, पगार थकला की मोहीमच अडून बसे. सावकार आणि शिलेदारांच्या पाया पडता पडता कपाळाची कातडी झिजली, अशा आशयाचे बाजीरावांनी स्वामींना लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. नर्मदेपलीकडे दौडणाऱ्या पेशव्याची ही अगतिकता वाचल्यावर मराठ्यांचा राज्यविस्तार केवळ घोड्यांच्या टापांवर झाला, असे म्हणवत नाही. स्वामींनी धन साठवले हे खरे, पण त्यातले पुष्कळ विहिरी, तळी आणि देवळांवर खर्चही केले, हेही सांगितले पाहिजे.

परतताना मामा अण्णासाहेब चिरमुल्यांविषयी भरभरून बोलत होते. साताऱ्यात १९१३ साली वेस्टर्न इंडिया विमा कंपनी आणि १९३६ साली युनायटेड वेस्टर्न बँक उभी राहिली, ती त्यांच्या पुढाकाराने. ही बँक २००६ मध्ये आयडीबीआय बँकेत विलीन झाली, तेव्हा या भागातल्या अनेक घरांत हळहळ व्यक्त झाली होती. सावकाराच्या वहीपासून बँकेच्या पासबुकापर्यंतचा हा सारा प्रवास एका जिल्ह्यात घडलेला असताना तो एकत्र पाहायला मिळत नाही, याची मला मनापासून खंत वाटते. साताऱ्यात या विषयाचे एक दालन व्हावे, त्यात हुंड्या, बाजीराव आणि स्वामींच्या पत्रांच्या प्रती आणि जुन्या खातेवह्या शेजारीशेजारी मांडाव्यात, आणि व्याजाचा दर व परतफेडीच्या अटी प्रत्येक कागदाखाली सोप्या मराठीत लिहाव्यात.